फोटो उसवून त्याची एकच लांब ओळ करणारा माणूस: फ्रँक रोझेनब्लाट

पायथॉन शिकणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी हाताने लिहिलेले आकडे कॉम्प्युटरला ओळखायला लावतो. फोटो असतो 28 बाय 28 ठिपक्यांचा. पहिल्याच पायरीला त्याच्यावर फ्लॅटन नावाची एक छोटीशी कमांड चालवायची असते. ती चालवली की 28 ओळींचा चौकोन गायब होतो आणि हातात येते 784 आकड्यांची एकच लांबलचक रांग. बहुतेक जण ही पायरी कॉपी-पेस्ट करून पुढे जातात. फोटोचा चौकोन मोडायचा कशासाठी, आणि मोडल्यावर हरवतं काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याला चिकटला होता. त्याने हेच काम पायथॉन जन्माला यायच्या तीस वर्षं आधी केलं होतं, तेही खऱ्या तारा जोडून. त्याचं नाव फ्रँक रोझेनब्लाट.

मानसशास्त्र शिकलेला मशीनवाला

रोझेनब्लाट यांचा जन्म 11 जुलै 1928 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू रोशेल इथे झाला. शिक्षण झालं ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये. या शाळेतून पुढे नोबेल मिळवणारे कितीतरी शास्त्रज्ञ बाहेर पडले. रोझेनब्लाट यांच्या एक वर्ष पुढे मार्विन मिन्स्की नावाचा मुलगा शिकत होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेनंतर ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. 1950 मध्ये पदवी, 1956 मध्ये डॉक्टरेट. आणि विषय? इंजिनिअरिंग नाही, गणित नाही, तर मानसशास्त्र. पीएचडीसाठी प्रश्नावल्यांचा ढीग तपासायचा होता, म्हणून त्यांनी त्या कामापुरतं एक इलेक्ट्रॉनिक यंत्रच बनवलं. माणसाच्या मनाचा अभ्यास करायचा आणि त्यासाठी सोल्डरिंग करत बसायचं, असा हा गडी होता.

डॉक्टरेट झाल्यावर ते बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत रुजू झाले. ही प्रयोगशाळा विमानांवर आणि लष्करी कामांवर संशोधन करायची. तिथे त्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. लहान मूल आई ओळखायला शिकतं. त्याला कोणी नियम लिहून देत नाही, की नाक असं असेल आणि डोळे तसे असतील तर ती आई. मूल बघतं, चुकतं, पुन्हा बघतं. मग यंत्रालाही नियम न देता, फक्त चुका दाखवून शिकवता येईल का?

1957 मध्ये त्यांनी या कल्पनेचा अहवाल लिहिला आणि यंत्राला नाव दिलं परसेप्ट्रॉन.

कॉम्प्युटरची स्मरणशक्ती म्हणजे चाळ

परसेप्ट्रॉनची पहिली चाचणी खऱ्या यंत्रावर झालीच नाही. ती झाली आयबीएम 704 या कॉम्प्युटरवर. जुलै 1958 मध्ये अमेरिकन नौदलाने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांना बोलावून हा प्रयोग दाखवला. काही पंच कार्डांवर डाव्या बाजूला खूण होती, काहींवर उजव्या. सुमारे 50 प्रयत्नांनंतर डावं कोणतं आणि उजवं कोणतं हे कॉम्प्युटर आपलं आपण ओळखायला शिकला.

इथे जरा थांबून 704 बद्दल सांगायला हवं, कारण फ्लॅटनची गोष्ट इथूनच सुरू होते. फोर्ट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा 1957 मध्ये याच 704 साठी बाजारात आली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तिच्यात दोन किंवा तीन मितींचे तक्ते वापरता येत. यांनाच आज ॲरे म्हणतात. पण कॉम्प्युटरच्या मेमरीला ओळी-स्तंभ कळत नाहीत. मेमरी म्हणजे एकमजली लांबलचक चाळ: खोली नंबर 0, 1, 2, 3 अशी रांग. तिथे 20 बाय 20 चा चौकोन राहायला आला, तरी त्याला 400 खोल्यांच्या एका रांगेतच राहावं लागतं.

मग कोणी कुठे राहायचं? याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत: आधी पहिली आडवी ओळ पूर्ण बसवा, मग दुसरी. 20 रुंदीच्या चित्रात ओळ 3, स्तंभ 5 वरचा ठिपका (मोजणी शून्यापासून) खोली नंबर 3 गुणिले 20 अधिक 5, म्हणजे 65 मध्ये जातो. दुसरी रीत: आधी पहिला उभा स्तंभ बसवा, मग दुसरा. आता तोच ठिपका 5 गुणिले 20 अधिक 3, म्हणजे 103 नंबरला गेला. फोर्ट्रानने उभी रीत धरली. पुढे आलेल्या सी भाषेने आडवी धरली आणि पायथॉनमधली नमपाय ही लायब्ररीही न सांगता आडवीच धरते.

या दोन रीतींची गल्लत झाली की गंमत होते. आडव्या रीतीने उसवलेला चौरस फोटो उभ्या रीतीने परत विणला, तर चित्र कर्णावर पालटून येतं, म्हणजे ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी. फोटो चौरस नसेल तर नुसता चिवडा. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा अशी तिसरी मिती वाढते. 224 बाय 224 चा साधा रंगीत फोटो सपाट केला की 1,50,528 आकड्यांची रांग होते.

उसवणे हा शब्द इथे उगाच वापरलेला नाही. नमपायमध्ये फ्लॅटनचा एक भाऊ आहे, रॅव्हल. या इंग्रजी शब्दाचा एक अर्थच मुळी उसवणे असा आहे. दोघांत फरक एवढाच, की फ्लॅटन दरवेळी नवी प्रत काढून देतो, तर रॅव्हल जमेल तिथे जुन्याच खोल्यांकडे बोट दाखवतो. त्यामुळे रॅव्हलने मिळालेल्या रांगेत एक आकडा बदलला, की मूळ फोटोही बदलू शकतो. कित्येक नवशिक्यांच्या रात्री या एका फरकाने खाल्ल्या आहेत.

400 डोळ्यांचं यंत्र

नौदलाने पैसे दिले आणि बफेलोत खरं यंत्र उभं राहू लागलं. मार्क 1 परसेप्ट्रॉन. चार्ल्स वाइटमन आणि इतर अभियंत्यांनी ते बांधलं आणि जून 1960 मध्ये लोकांना दाखवलं.

यंत्राच्या तोंडाशी एक कॅमेरा होता, पण त्यात फिल्म नव्हती. फिल्मच्या जागी 20 बाय 20 अशा मांडलेल्या 400 प्रकाशपेशी होत्या. समोर अक्षर धरायचं, भगभगीत दिवे लावायचे, आणि प्रत्येक पेशी उजेड की अंधार एवढंच सांगायची. या 400 पेशींच्या तारा एका मोठ्या जोडफळ्यावर यायच्या. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायचा तसा. त्या फळ्यावरून तारा 512 मधल्या घटकांकडे जायच्या आणि तिथून शेवटच्या 8 उत्तर देणाऱ्या घटकांकडे.

खरी कमाल त्या जोडफळ्यावर होती. रोझेनब्लाट यांनी तारा मुद्दामच वेड्यावाकड्या जोडायला लावल्या. कोणती पेशी कोणत्या घटकाला जोडायची याला काही नियम नाही, निव्वळ योगायोग. बघायला येणाऱ्याला वाटावं की कारागिराने काम अर्धवट टाकलंय. रोझेनब्लाट यांना दाखवायचं होतं ते नेमकं हेच. मेंदूतली प्रत्येक जोडणी काही जन्माआधी नकाशा काढून झालेली नसते. जोडणी कशीही असली, तरी शिकता आलं पाहिजे.

शिकणं व्हायचं शेवटच्या टप्प्यात. मधल्या घटकांकडून येणाऱ्या प्रत्येक तारेवर एक पोटेन्शियोमीटर होता. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, तसाच. फरक एवढाच की हे बटण माणूस फिरवत नव्हता, त्याला छोटी मोटर लावलेली होती. यंत्राला एखादं अक्षर दाखवायचं. उत्तर बरोबर आलं तर काही नाही. चुकलं, तर मोटरी घरघरायच्या आणि ज्या तारांनी चुकीचा कौल दिला त्यांचं वजन कमी व्हायचं, उलट्या बाजूच्या तारांचं वाढायचं. पुन्हा अक्षर, पुन्हा चूक, पुन्हा घरघर. हळूहळू चुका कमी होत जायच्या. एखादं काम या यंत्राच्या आवाक्यातलं असेल, तर मर्यादित चुकांनंतर ते नक्की शिकेल, असं गणिताने सिद्धही झालं. आवाक्यातलं असेल तर, ही अट मात्र महत्त्वाची होती.

आता फ्लॅटनकडे परत येऊ. ठिपक्यांची रांगोळी घ्या. 20 बाय 20 ठिपके, त्यावर काढलेलं कमळ. आता सगळे ठिपके उचलून एका रेषेत मांडा. ठिपके तेवढेच, रंग तेच, एकही हरवलेला नाही. पण शेजार मोडला. मघाचा 65 नंबरचा ठिपका घ्या. त्याच्या उजवीकडचा 66 ला आहे, पण जो त्याच्या अगदी खाली टेकून बसला होता, तो आता 85 ला गेलाय. यंत्राच्या दृष्टीने 85 हा शेजारी आणि 300 हा परका असं काही उरलंच नाही. सगळे सारखेच परके.

मार्क 1 तर याच्याही पुढे गेलेला होता. तारा योगायोगाने जोडलेल्या, त्यामुळे रांगेचा क्रमसुद्धा उरला नाही. आजही फोटो सपाट करून साध्या नेटवर्कला दिला, तर हाच प्रकार दिसतो. सगळ्या फोटोंतले ठिपके एकाच ठरावीक पद्धतीने पिसून टाका. माणसाला समोर फक्त मुंग्या दिसतील, पण ते नेटवर्क आधीइतकंच शिकेल. त्याने आधीही चित्र असं बघितलेलं नव्हतंच.

कौतुक जरा जास्तच झालं

1958 च्या त्या पत्रकार परिषदेनंतर न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली, की नौदलाला अपेक्षा आहे हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, बघेल, लिहील, स्वतःसारखी यंत्रं बनवेल आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही असेल. साधारण वर्षभरात आणि एक लाख डॉलरमध्ये पहिलं यंत्र तयार होईल, असंही त्यात होतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटरला जमलं होतं डावं-उजवं. आजच्या एआयच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

रोझेनब्लाट स्वतः देखणे, बोलघेवडे, स्पोर्ट्स कार चालवणारे, पियानो वाजवणारे. पत्रकारांना असा शास्त्रज्ञ हवाच असतो. त्यांनीही हात आखडता घेतला नाही, हे मान्य करायला हवं. इतर संशोधकांच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं.

पण 1962 मध्ये आलेलं त्यांचं जाडजूड पुस्तक वाचलं, तर वेगळा माणूस दिसतो. परसेप्ट्रॉनला काय जमत नाही, याची चर्चा त्यांनी त्यात स्वतःच केली आहे. वस्तूंचे एकमेकांशी असलेले संबंध त्याला कळत नाहीत, हे त्यांनी नोंदवलं. एकापेक्षा जास्त थर शिकवायचे, तर चूक शेवटाकडून मागे पोहोचवावी लागेल, ही कल्पनाही तिथे आहे. ती नीट जमवायची कशी, ते मात्र सापडलं नव्हतं.

जिन्याचा दिवा आणि दोन भोवरे

आता मार्विन मिन्स्की. ब्राँक्सच्या शाळेतला तो एक वर्ष मोठा मुलगा एव्हाना एमआयटीत एआयचा मोठा माणूस झाला होता. त्याचा विश्वास होता नियम आणि तर्क यांच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर. दोघे परिषदांमध्ये जाहीरपणे वाद घालायचे. 1969 मध्ये मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट यांनी एक पुस्तक काढलं आणि त्याचं नावच ठेवलं परसेप्ट्रॉन्स. आत होतं कडक गणित.

त्यातला सगळ्यात गाजलेला मुद्दा जिन्यातल्या दिव्याने समजतो. जिन्याला दोन बटणं असतात, एक वर, एक खाली. एकच दाबलेलं असेल तर दिवा लागतो. दोन्ही दाबलेली किंवा दोन्ही न दाबलेली असतील तर बंद. आता मधला थर नसलेल्या सगळ्यात साध्या परसेप्ट्रॉनला हे शिकवा. पहिल्या बटणाने एकट्याने दिवा लागायला हवा, म्हणून त्याला भरपूर वजन द्यावं लागतं. दुसऱ्यालाही तसंच. मग दोन्ही दाबली की वजनांची बेरीज आणखी वाढते, आणि नेमका तेव्हाच दिवा विझायला हवा. बेरजेने हे होणं शक्य नाही. मोटरी जन्मभर घरघरत राहतील.

दुसरा मुद्दा चित्रांचा, आणि तो जास्त खोल आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन भोवऱ्यासारखी चित्रं होती. दिसायला सारखीच. पण एकात दोरा सलग आहे, दुसऱ्यात दोन सुटे दोरे आहेत. माणसालाही ते एका नजरेत कळत नाही, बोट ठेवून दोऱ्यावरून फिरावं लागतं: या ठिपक्याचा शेजारी कोण, मग त्याचा शेजारी कोण. मधला थर असला, तरी त्यातला प्रत्येक घटक जर थोडेच ठिपके बघत असेल आणि शेवटी नुसती मतांची बेरीज होणार असेल, तर चित्र सलग आहे की तुटलेलं, हे यंत्राला सांगता येत नाही, हे त्या दोघांनी सिद्ध करून दाखवलं. शेजार धरून पुढे सरकायची सोयच त्या यंत्रात नव्हती.

पुस्तकातलं गणित बिनचूक होतं. जास्त थरांच्या यंत्रांचंही असंच होईल, हा लेखकांचा अंदाज मात्र अंदाजच होता आणि तो पुढे चुकला. पण तोवर वारं फिरलं होतं. सगळा दोष त्या एका पुस्तकावर टाकायची पद्धत आहे, पण ते काही पूर्ण खरं नाही. साठच्या दशकाच्या मध्यापासूनच पैशांचा ओघ नियमांवर चालणाऱ्या एआयकडे वळू लागला होता. पुस्तकाने दार लावून घेतलं, एवढंच.

उंदीर, दुर्बीण आणि चेसापीक

रोझेनब्लाट मात्र तोंड पाडून बसले नाहीत. 1959 पासूनच ते इथाकाला, कॉर्नेलच्या मुख्य आवारात आले होते. तिथे त्यांनी आवाज ओळखणारं टोबरमोरी नावाचं यंत्र बनवायला घेतलं. साकी या लेखकाच्या गोष्टीतल्या बोलणाऱ्या मांजराचं हे नाव. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले. शिकवलेल्या उंदराच्या मेंदूचा अर्क न शिकवलेल्या उंदराला टोचला तर शिकवण पोहोचते का, हे त्यांनी तपासलं. त्या काळी या कल्पनेची बरीच हवा होती. काळजीपूर्वक प्रयोग करून ते या निष्कर्षाला आले, की परिणाम असलाच तर अगदी नगण्य आहे.

इथाकाजवळच्या ब्रुकटनडेल गावात त्यांचं घर होतं आणि ते विद्यार्थ्यांनी भरलेलं असायचं. घरामागच्या टेकडीवर त्यांनी वेधशाळा उभारली. परग्रहावरच्या जीवांचा शोध हे नवं खूळ. व्हिएतनाम युद्धाला त्यांचा विरोध होता. 1968 मध्ये युद्धविरोधी उमेदवार यूजीन मॅकार्थी यांच्या प्रचारात त्यांनी काम केलं. ज्यांच्या यंत्राला नौदलाने पैसे दिले, तेच पुढे युद्धाविरुद्ध उभे राहिले.

11 जुलै 1971. त्यांचा 43 वा वाढदिवस. चेसापीकच्या उपसागरात बोटीवर असताना अपघात झाला आणि त्यात रोझेनब्लाट यांचा मृत्यू झाला. मिन्स्की आणि पॅपर्ट यांचं पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या गणिताला उत्तर द्यायला लागणारा वेळ त्यांना मिळालाच नाही.

उत्तर आलं, पण इतरांकडून. 1980 मध्ये जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी असं नेटवर्क मांडलं, की त्यातला प्रत्येक घटक चित्राचा एक छोटा, सलग तुकडा बघतो. म्हणजे शेजार शाबूत. 1986 मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी चूक मागे पोहोचवून मधले थर शिकवायची रीत जगापुढे ठेवली. जिन्याचा दिवा लागला. 1989 मध्ये यान लकून यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणून पाकिटांवरचे हाताने लिहिलेले पिनकोड यंत्राला वाचायला लावले.

तरी फ्लॅटन काही गेला नाही. आधी शेजार धरून चित्रातल्या रेषा, कोपरे, आकार शोधायचे आणि अगदी शेवटी सगळं सपाट करून बेरजेला द्यायचं, अशी सोय बरीच वर्षं चालली. 2020 मध्ये आलेल्या व्हिजन ट्रान्सफॉर्मरमध्ये तर फोटोचे 16 बाय 16 चे तुकडे कापून प्रत्येक तुकडा सपाट करतात. तीन रंग धरून एका तुकड्याचे 768 आकडे. पण आता प्रत्येक तुकड्याला त्याचा पत्ता चिकटवतात: तू मूळ चित्रात अमुक जागी होतास.

मिन्स्की आणि पॅपर्ट यांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली, तेव्हा अर्पणपत्रिकेवर रोझेनब्लाट यांचं नाव होतं. 2004 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. मार्क 1 परसेप्ट्रॉन आता वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. त्याच्या जुन्या फोटोंमध्ये जोडफळ्यावरचा तारांचा तो गुंता अजून स्पष्ट दिसतो.